थांबा, जोडून देते

टेप फिरतोय का? फिरतोय. लाल दिवा लागलाय, म्हणजे तुझ्या हिशेबाने बटण खाली बसलंय.

सत्यशीला, मी सरोजिनी बोलतेय, नारायण पेठेतून. भंडाऱ्याला तुझ्या भावाकडचा टेपरेकॉर्डर अजून चालतो असं तूच मागे म्हणाली होतीस, म्हणून ही कॅसेट. पत्र लिहिलं असतं, पण ते तुला दुसरं कोणीतरी वाचून दाखवणार, आणि वाचणारी माणसं गाळून वाचतात. मीही गाळायचे. तुझ्या त्या तीन माहितीपत्रकांतली निम्मी विशेषणं मी खाल्ली होती. तुला कळलं होतं, तू बोलली नाहीस.

काल रिक्षातून स्वारगेटवरून येत होते. हॉटेल मुक्ताईची पाटी उतरवत होते. चार माणसं, दोन शिड्या, आणि उतरवायची कशी यावर सहा मतं. मी रिक्षा थांबवली. रिक्षावाला म्हणाला, "आजी, मीटर चालू आहे." म्हटलं, चालू दे, माझंही चालू आहे.

तर तुझं एक काम माझ्याकडे राहून गेलंय. ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू हसत बसशील आणि पुढचं ऐकणार नाहीस. पहिल्यापासून सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, पण तुझ्या बाजूने. जरा माझ्या बाजूने ऐक.

एवढं बोलून सरोजिनीबाईंनी टेप थांबवला. पहिल्यापासून म्हणजे शहाण्णव सालच्या जानेवारीपासून. मधे बारा वर्षं गेली होती, आणि क्रम चुकलेला त्यांना खपत नसे.

तेव्हा त्या नुकत्याच कॉलेजातून निवृत्त झाल्या होत्या. बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवल्यावर घरी बसून गवारीच्या शिरा काढायचा त्यांना आठ दिवसांत वीट आला, आणि त्यांनी अंध विद्यार्थ्यांसाठी कॅसेटवर पुस्तकं वाचून द्यायचं काम पत्करलं. घरापासून चार गल्ल्यांवर, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला जुनी गादी ठोकून रस्त्याचा आवाज अडवलेली एक खोली होती. तिथे एका गुरुवारी पांढरी काठी टेकत चौतिशीची एक बाई आली. हातात तीन चकचकीत माहितीपत्रकं.

"हे वाचून पाहिजे होतं," ती म्हणाली.

"कितवीचं आहे?"

"हॉटेलचं आहे. टेलिफोनचं मशीन घ्यायचं आहे. मालक म्हणाले, तुम्हीच बघा."

सरोजिनीबाईंनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग माहितीपत्रकांकडे. "मालक विनोदी आहेत का?"

"नाही. बोलून गेले आणि मग त्यांनाच कसंतरी झालं," ती बाई हसली. "पण बोलले ना, मग मी धरूनच ठेवलं."

ही सत्यशीला. भंडाऱ्याजवळच्या एका गावची. चौथ्या वर्षी देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. वडील नागोराव प्राथमिक शाळेत मास्तर. मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा त्यांनी तिला दीड दिवसाचा प्रवास करून पुण्यात मुलींच्या अंधशाळेत आणलं. निघताना त्यांनी तिला फाटकापासून वसतिगृहाच्या दारापर्यंतची पावलं मोजायला लावली. एकशे बारा भरली. "आता दोन दिवसांनी परत मोज, मला पत्रात कळव," म्हणाले आणि गेले. रडायच्या ऐवजी पोरगी पावलं मोजत बसली, आणि पुढे तिला मोजायची, विचारायची, हात लावून बघायची खोडच लागली. शाळेनंतर टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला. सरकारी नोकरीची वाट बघता बघता स्वारगेटजवळच्या हॉटेल मुक्ताईत चिकटली. त्याला बारा वर्षं झाली होती.

सरोजिनीबाईंना तिच्यापेक्षा आधी तिच्या बोर्डात रस वाटला, हे त्यांनी कधी लपवलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्या बघायला गेल्या. लाकडी उभं कपाट. त्यावर पत्र्याच्या नखाएवढ्या सेहेचाळीस झडपा, एकेका खोलीची एकेक. खोलीतल्या पाहुण्याने फोन उचलला की त्याची झडप टक् करून खाली पडायची. सत्यशीलाचा डावा पंजा सतत त्या झडपांवर अलगद टेकलेला. झडप पडली की बोट तिथे, उजव्या हाताने दोरीची पिन भोकात, आणि "बोला, तेवीस नंबर." सगळं मिळून दोन सेकंद. सरोजिनीबाईंनी घड्याळ लावून बघितलं.

"डोळ्यांचा संबंधच नाही," त्या म्हणाल्या.

"नाहीच. म्हणून तर मी इथे आहे."

अडचण अशी होती की पाहुणे बदलले होते. पूर्वी मार्केट यार्डात आलेले व्यापारी, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं आणि लग्नाची वऱ्हाडं उतरायची. आता बंगलोर, मद्रासची पोरं येत, मांडीवर उघडायचा कॉम्प्युटर घेऊन, आणि त्यांना खोलीतून थेट लाइन हवी असे. एकाने तर स्क्रू-ड्रायव्हरने भिंतीतली टेलिफोनची डबी उघडून तारा बाहेर काढल्या होत्या आणि वर तक्रार केली होती की तारा जुन्या आहेत.

मालक बापूराव मूळ वाघोलीचे. तिथली जमीन विकून त्यांनी हॉटेल बांधलं आणि आईचं नाव दिलं. त्यांचा मुलगा अभिनव नुकताच शिकून आला होता. पोरगा वाईट नव्हता, घाईत होता.

"मॅडम, ऑपरेटर ही कॉन्सेप्टच जाणार आहे," त्याने सरोजिनीबाईंना समजावलं. "गेस्ट डायरेक्ट डायल करणार. रूम टू रूम डायरेक्ट. वेक-अप कॉल ऑटोमॅटिक. रिसेप्शनवर दीपमाला आहेच, ती मॅनेज करेल."

"आणि सत्यशीला?"

"तिला काढणार नाही हो. लाँड्रीत घेऊ. टॉवेलच्या घड्या. बसून काम आहे."

"ती आत्ताही बसूनच काम करते," सरोजिनीबाई म्हणाल्या.

बापूराव मधे पडले. "आवं, तिन्ही मशीनं येऊ द्या. सत्यशीलाताईला चालवता आलं ते घेऊ. न्हाईच आलं कुठलं, तर मग लाँड्री. मी काय दुसरं बोललो न्हाई."

तर असं होतं. तीन मशीनं, आणि त्यांतलं एक तरी बिनडोळ्यांनी चालायला हवं.

पहिल्या कंपनीचा माणूस टाय लावून आला. बोलायला लागला तो थांबेना. "कॉल आला की इथे लाल लाइट, मॅडम. होल्डवर असला की हिरवा. आणि या स्क्रीनवर रूम नंबर. दिसतोय ना?"

"नाही," सत्यशीला म्हणाली.

"थोडं तिरपं करतो. आता?"

"आता पण नाही."

त्याने तीन वेळा तिरपं केलं. सरोजिनीबाईंनी त्याला करू दिलं. विकायला आलेल्या माणसाने समोरच्याच्या तोंडाकडे एकदा तरी बघावं, एवढी अपेक्षा गैर नव्हती.

दुसऱ्या कंपनीचं मशीन परदेशी, साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. "याची खासियत म्हणजे टोटली सायलेंट. कान लावा मॅडम, काहीही ऐकू येणार नाही."

सत्यशीलाने खरंच कान लावला. बराच वेळ. "नाही येत," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. अभिनवला तेच मशीन आवडलं होतं.

तिसरा शंभू कुदळे. पर्वतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच मशीनं जोडायचा. स्कूटरवर पुढे चादरीत गुंडाळून आपलं मशीन घेऊन आला. करड्या पत्र्याची पेटी, कोपऱ्यात रंग उडालेला. चालू केलं तर आतून टिकटिक, कटकट, मधेच खट्.

"जरा वाजतंय," शंभू ओशाळून म्हणाला. "पुढच्या मॉडेलमध्ये आवाज काढून टाकतोय."

"काढू नका!" सत्यशीला इतक्या जोरात बोलली की दीपमाला काउंटरवरून वळून बघायला लागली. "हे डावीकडे वाजलं ते काय होतं?"

"पहिलं कार्ड. एक ते आठ नंबर त्यावर."

"आणि हे खाली?"

"शेवटचं कार्ड."

पुढचा पाऊण तास दोघं पेटीचं झाकण उघडून बसली. शंभू एकेक नंबर लावायचा, ती ऐकून सांगायची. कुठल्या कार्डावर फोन आला हे तिला दहा मिनिटांत कळायला लागलं. पण आठांतली नेमकी कुठली खोली, ते काही केल्या कळेना. ते पडद्यावरच उमटायचं.

"याला बोलता येत नाही काय?" तिने विचारलं.

"बोलता नाही येत. पिप् करता येतं."

"मग पिप् करून सांगू द्या की! तेवीस असेल तर आधी दोनदा, थांबून तीनदा."

शंभूने डोकं खाजवलं. "प्रोग्राम बदलावा लागेल. करतो. आणि शून्याला?"

"दहा," सत्यशीला आणि सरोजिनीबाई एकदमच म्हणाल्या. जुन्या डायलवर शून्य फिरवलं की दहाच ठोके जात. एकीला ते फिजिक्समुळे माहीत होतं, दुसरीला बोटांमुळे.

शंभूने पंधरा दिवस मागितले. अभिनवला पंधरा दिवस फार वाटले. त्याने तोवर परदेशी मशीन आठ दिवस चाचणीला बसवून घेतलं, आणि सत्यशीला लाँड्रीत गेली.

सरोजिनीबाई तिसऱ्या दिवशी भेटायला गेल्या. टॉवेलांच्या चळतीमागे ती बसली होती. घड्या सुरेख होत्या.

"कसं चाललंय?"

"बरं आहे. मऊ असतात." तिने हातातला टॉवेल चळतीवर ठेवला. "पण बाई, टॉवेलला काय विचारणार?"

सरोजिनीबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. तसं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उपास आहे म्हणाल्या.

सहाव्या दिवशी लातूरकडचं एक वऱ्हाड उतरलं, मुलीकडचं. अठरा खोल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात पन्नासचा मुहूर्त, कार्यालय पलीकडच्याच रस्त्याला. उठवायच्या वेळा अभिनवने स्वतः मशीनमध्ये भरल्या. मुलीचा मामा खोली नंबर चौदा, साडेपाच.

सरोजिनीबाई रोज सकाळी सारसबागेत चालायला जात. त्या दिवशी तिथून सव्वासहाला हॉटेलवर आल्या, नवीन मशीन कसं चालतंय ते बघायला. त्यात त्यांना एक खडूस कुतूहल होतं, हेही खरं. बघतात तर जिन्यात धावपळ, नवरी हिरवा चुडा भरलेल्या हातांनी डोळे पुसतेय आणि मामाचा पत्ता नाही. दोन भाचे स्वारगेटपर्यंत जाऊन आले होते. मामाशिवाय मुलीला बोहल्यावर आणणार कोण?

"पण सिस्टिम तर दाखवतेय," अभिनव पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. "फोर्टीन. पाच तीसला रिंग. आन्सर्ड."

"आन्सर्ड म्हणजे मी उचलला हो," एक वयस्कर आत्या म्हणाली. "नुसतं कुंई कुंई वाजत होतं. चार वेळा हॅलो हॅलो केलं, ठेवून दिला आणि झोपले."

"पण चौदामध्ये मामा होते ना?"

"होते की. मग मी आले. माझे गुडघे."

बापूराव मागच्या बाजूला लाँड्रीकडे निघाले. सरोजिनीबाई त्यांच्या पाठोपाठ.

"सत्यशीलाताई, पोरीचा मामा घावंना. कुठं असंल?"

तिचे हात घडी घालत होते. "मला कसं माहीत? मी बोर्डवर नव्हते." आणि मग हात थांबले. ती अशी थांबली की तिला काहीतरी विचारायचं असे, हे सरोजिनीबाईंना आता कळू लागलं होतं. "जाडे आहेत काय हो?"

"हायेत जरा."

"बोलताना नाकातून हवा येते?"

बापूरावांनी सरोजिनीबाईंकडे पाहिलं. "येती. काल पानाला तंबाखू मागताना मी ऐकली."

"मग घोरत असणार. वऱ्हाड पहिल्याच रात्री खोल्या बदलतं, रजिस्टरात काही पण असो. म्हाताऱ्या खाली येतात, पोरी एका खोलीत जमतात, आणि घोरणाऱ्याला सगळ्यांत लांब टाकतात. सेहेचाळीस कुणाकडे आहे?"

"त्यांच्याकडंच हाय. सामानाला घेतलीय."

"तिथेच बघा. टाकीचा पंप लागून आहे. पंप चालू असला की माणूस घोरतो का मेला, बाहेर काही कळत नाही."

मामा तिथेच होता. आतून कडी लावून, रुखवताच्या डब्यांमधे सतरंजी टाकून, अनारशांच्या डब्यावर पाय ठेवून. दार तोडायच्या बेतात आल्यावर उठला आणि पहिलं वाक्य बोलला ते, "एवढा आरडाओरडा कशाला, फोन करायचा की." सात सत्तेचाळीसला तो नवरीला घेऊन कार्यालयाच्या पायऱ्या चढला. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. फोटोत ती अजून तशीच असतील.

दुपारी बापूरावांनी अभिनवला काउंटरसमोर उभं केलं. "तुझ्या मशीननं काय वाईट न्हाई केलं. खोलीला उठीव म्हनलं, खोलीला उठिवलं. मानूस उठवायचा व्हता." मग सत्यशीलाकडे वळले. "ताई, कंचं घ्यायचं?"

"आवाज करतं ते. आणि कॉम्प्युटरवाल्या मुलांना थेट लाइन देतं ते. दोन्ही शंभूंच्या पेटीत आहे."

अभिनवने थोडा वेळ तोंड पाडलं. पण आठच दिवसांनी पिप् मोजायला तोही तिच्याशेजारी बसला होता. वीस नंबरने फोन केला की दोन, आणि मग दहा. "ट्वेंटीवाल्याला पेशन्स हवा," तो म्हणाला. ती म्हणाली, "त्याला नाही, मला हवा. तो काही मोजत नाही."

त्या मशीनवर ती अकरा वर्षं बसली. मध्यंतरी मोबाइल आले, पिप् कमी कमी होत गेले, आणि शेवटी दिवसाकाठी पाचसात फोन उरले, तेही चहासाठी. तेव्हा ती स्वतःच बापूरावांना म्हणाली, आता भावाकडे जाते. लाँड्रीत मात्र ती परत गेली नाही.

सरोजिनीबाईंनी चहा पिऊन घेतला. टेपचं बटण दाबलं.

ऐकतेयस ना? आता तुझं काम.

शंभूने पेटी बसवली त्या दिवशी तो म्हणाला होता की यात एक सोय आहे. बाहेरच्या माणसाला थांबवून ठेवलं की त्याला एक धून ऐकू येते. तू विचारलंस, कुठली? तो म्हणाला, चिपबरोबर आली ती, आपण कधी ऐकली नाही नीट. तू बोर्डवर कान लावलास, तर तिथे काही नाही. हॉटेलातल्या हॉटेलात थांबवलं तर नुसतं टूं टूं. धून फक्त बाहेरच्याला. आणि तू बाहेर जाऊन फोन करावास, तर बोर्डवर दीपमाला; तिने थांबवायचं बटण दाबलं की फोन तुटायचाच. मग तू मला म्हणालीस, "बाई, तुम्ही बाहेरून फोन करा, मी तुम्हाला थांबवते, काय वाजतं ते ऐकून सांगा. मी दिवसाला पन्नास माणसांना थांबा, जोडून देते म्हणते, आणि त्यांना कशावर थांबवते ते मला माहीत नाही."

मी म्हटलं, त्यात काय, आजच करते.

केला. तू म्हणालीस, "बोला बाई." मी अजून तोंड उघडलं नव्हतं. म्हटलं, कसं ओळखलंस? तर म्हणे, तुम्ही फोन लागला की आधी घसा खाकरता. आणि मग तू मला प्रेशर कुकरच्या शिट्टीचं काहीतरी विचारलंस, त्यात अर्धा तास गेला. पुढच्या वेळी मी खाकरले नाही. "बोला बाई. आज खाकरला नाहीत." एकदा मी स्वारगेटच्या पीसीओत जाऊन तोंडाला रुमाल लावून पुरुषी आवाजात विचारलं, "मॅनेजर आहेत का?" बूथवाला माझ्याकडे बघत राहिला. तू म्हणालीस, "बाई, रुमाल काढा, धाप लागेल." मी ओरडले, अगं, मला थांबव! तू म्हणालीस, "थांबवते, थांबवते, पण आधी हे सांगा..." आणि काहीतरी विचारलंस. दुसरे फोन येत असतील, पिप् वाजत असतील, तू त्यांना थांबवलंस. मला अकरा वर्षांत एकदाही नाही.

काल पाटी उतरवताना पाहिली आणि घरी येऊन शंभूचा नंबर शोधला. लागला. म्हणाला, "कुठली चिप, मॅडम? तेव्हा मिळेल ती टाकायचो." तुमची पेटी भंगारात गेली असेल, म्हणाला.

तर सत्यशीला, काय वाजायचं ते मला माहीत नाही. तुलाही नाही. हजारो लोकांना माहीत असेल, आणि त्यांतल्या एकाचाही नंबर आपल्याकडे नाही.